एक इमारत, दोन आकडे: जुन्या ग्राहकाच्या कामातील एक प्रकरण

मी मूल्यांकनकर्ती आहे आणि हे प्रकरण माझ्या स्वतःच्या कामातले आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि रकमांच्या जागी प्रमाणे दिली आहेत. घटनाक्रम आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांतील पहिली चूक माझी होती, आणि ती हिशेबात झाली नव्हती.

आई-वडिलांच्या पश्चात तीन भावंडांकडे समान हिश्शाने आलेली एक तीन मजली इमारत होती. तळमजला व्यापारी वापरासाठी भाड्याने दिलेला, वरचे दोन मजले राहते. थोरल्या भावाने संपूर्ण इमारत स्वतःकडे ठेवावी आणि बहिणीला व धाकट्या भावाला त्यांच्या हिश्शाची रक्कम द्यावी, असे तिघांत ठरले. रक्कम ठरवण्यासाठी तटस्थ मूल्यांकन हवे होते. थोरला भाऊ आठ वर्षांपासून माझा ग्राहक होता. त्याच्या व्यवसायातील यंत्रसामग्रीचे विम्यासाठीचे मूल्यांकन मी दर दोन वर्षांनी करत असे. कागद वेळेवर मिळत, शुल्क वेळेवर मिळे, आणि आकड्यावरून कधी वाद झाला नव्हता. असा ग्राहक फोन करतो तेव्हा आपण नव्या ग्राहकाला विचारतो ते प्रश्न विचारत नाही. विचारणे उर्मटपणाचे वाटते.

फोनवरचे त्याचे शब्द मी नंतर आठवून लिहून ठेवले. "मॅडम, तुमचा आकडा तिघांनाही मान्य असेल, असं ठरलंय. आहे त्या स्थितीत काढा, म्हणजे झालं." मी होकार दिला आणि शुल्क व अहवालाची तारीख कळवणारा दोन ओळींचा ईमेल पाठवला. नियुक्तिपत्र, म्हणजे कामाची व्याप्ती आणि अटी लिहून ग्राहकाशी ठरवण्याचा कागद, केले नाही.

आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांची सध्याची आवृत्ती 31 जानेवारी 2025 पासून लागू आहे. तिच्यातील कामाच्या व्याप्तीविषयीचे मानक, म्हणजे 101 क्रमांकाचे, ग्राहक कोण, त्याच्याखेरीज अहवाल कोण वापरणार, हेतू कोणता, मूल्याचा आधार कोणता, तारीख कोणती आणि गृहीतके कोणती, हे सारे मूल्यांकन पुरे होण्याआधी ठरवायला सांगते. ही यादी मला पाठ होती. जुन्या ग्राहकाच्या बाबतीत ती आपोआप पाळली जाते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात अहवाल लिहिताना मी रकाने स्वतःच भरले: ग्राहक म्हणून थोरल्या भावाचे नाव, अभिप्रेत वापरकर्ते म्हणून तिन्ही भावंडे, हेतू म्हणून कुटुंबांतर्गत हस्तांतरण. नोंदी चुकीच्या नव्हत्या, पण त्यांपैकी एकही ग्राहकाशी बोलून ठरलेली नव्हती. तीन माणसे अहवालावर विसंबणार असतील, तर त्यांतील दोघांशी मी बोलायचे की नाही, आणि बोलायचे तर काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

पाहणीच्या दिवशी थोरला भाऊ स्वतः बरोबर होता. तळमजल्याचे शटर त्याने उघडले. आत फडताळे होती, काही खोकी होती, एका कोपऱ्यात टेबल आणि दोन खुर्च्या. माणूस कोणी नव्हते. "भाडेकरू बाहेरगावी गेलाय," असे त्याने सांगितले. भाडेपट्ट्याची प्रत त्याने आधीच पाठवली होती आणि तिच्यानुसार मुदतीची 7 वर्षे शिल्लक होती. मी मोजमाप घेतले, छायाचित्रे काढली आणि वर गेले. शटरची किल्ली भाडेकरूकडे न राहता मालकाच्या खिशात का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

त्या भाडेपट्ट्याचा मूल्यावर किती परिणाम होतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तळमजल्याचे वार्षिक बाजारभाडे 100 धरू. करारातले भाडे जुने, म्हणून 60. परताव्याचा दर 8 टक्के. तळमजला बाजारभाड्याने चालू असता तर त्याचे मूल्य 100 भागिले 0.08, म्हणजे 1,250 आले असते. पण 7 वर्षे 60 च मिळणार असतील, तर त्या सात हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे 312 होते, आणि सात वर्षांनंतर हाती येणाऱ्या 1,250 चे आजचे मूल्य सुमारे 729. बेरीज 1,041 च्या आसपास. म्हणजे भाडेपट्टा जिवंत असण्याने तळमजल्याच्या मूल्याचा सहावा भाग जातो. माझ्या अहवालात तो गेलेला होता, आणि भाडेपट्टा खरोखर चालू असता तर ते योग्यच ठरले असते.

अहवाल देण्याच्या आदल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला होता. तिने नाव सांगितले, इमारतीचा उल्लेख केला आणि म्हणाली, "मला तळमजल्याबद्दल थोडं बोलायचं होतं." मी तिला पुढे बोलू दिले नाही. काम तुमच्या भावाने दिले आहे, गोपनीयतेमुळे मी इतरांशी चर्चा करू शकत नाही, तुम्ही त्यांच्याशीच बोला, असे अगदी सौजन्याने सांगून मी फोन ठेवला. व्यावसायिक शिस्त पाळल्याचे समाधानही वाटले. वस्तुतः गोपनीयता माझ्या सांगण्यावर होती, ऐकण्यावर नव्हती. ग्राहकाची माहिती तिला न देता तिचे म्हणणे ऐकता आले असते, नोंदवता आले असते आणि पडताळता आले असते. शिवाय मी स्वतःच तिला अभिप्रेत वापरकर्ती म्हणून अहवालात लिहिणार होते. तळमजला तीन महिन्यांपासून बंद आहे, एवढेच तिला सांगायचे होते, हे मला पुढे कळले.

चार महिन्यांनी थोरल्या भावाचा पुन्हा फोन आला. भावंडांना द्यायची रक्कम तो इमारत तारण ठेवून कर्जाऊ घेणार होता. कर्ज देणाऱ्या संस्थेला त्याने माझे नाव सुचवले होते आणि तिचे पत्र येणार होते. "या वेळी तळमजला रिकामा धरा. ताबा आपल्याकडेच आहे, कागद पाठवतो."

कागद आला. भाडेकरूने ताबा सोडल्याचा तो लेख होता, दोन्ही सह्या असलेला, व्यवस्थित. आमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदाची तारीख नोंदवहीत लिहिण्याचे काम एक कनिष्ठ सहकारी करते. तिने तारीख लिहिली आणि नोंदवही माझ्यासमोर आणून ठेवली. पहिल्या अहवालातील मूल्यांकनाच्या तारखेच्या अडीच महिने आधीची तारीख होती ती.

मी पाहणीची छायाचित्रे पुन्हा उघडली. टेबलामागच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली दिसत होती. पान पाहणीच्या तीन महिने आधीच्या महिन्याचे होते. चित्र मीच काढले होते, अहवालाला मीच जोडले होते, आणि त्याखाली "तळमजला: भाडेकरूच्या ताब्यात" अशी ओळही मीच लिहिली होती.

त्या दिवशी मी ग्राहकाला फोन केला नाही. आधी व्यावसायिक दायित्वाचा विमा ज्यांच्याकडे आहे त्यांना परिस्थिती कळवली, कारण दावा येण्याची शक्यता दिसताच कळवणे ही पॉलिसीची अट होती. मग या धंद्यात माझ्यापेक्षा अधिक वर्षे काढलेल्या एका सहकाऱ्याचा, कोणाचेही नाव न घेता, सल्ला घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "व्यवहार झाला आहे का?" झाला नव्हता. वाटणीच्या कागदावर सह्या व्हायला तीन आठवडे होते. त्यामुळे दुरुस्तीला वाव होता आणि गप्प राहायला सबब उरली नव्हती.

ग्राहक कार्यालयात आला तेव्हा त्याच्यापाशी युक्तिवाद तयार होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. "तुम्हीच सांगता ना मॅडम, हेतू बदलला की मूल्य बदलतं? विम्याला वेगळा आकडा देता, विक्रीला वेगळा. मग घरच्यांसाठी एक आणि कर्जासाठी एक, यात चूक काय?" आपल्या व्यवसायाचे अर्धे ज्ञान ग्राहकाला आपणच दिलेले असते आणि ते असे परत येते. विम्यासाठी पुनर्बांधणीचा खर्च लागतो, विक्रीसाठी बाजारमूल्य. तेथे मूल्याचा आधारच निराळा असतो. पण एकाच आधारावर तळमजला एका कागदात भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा दाखवता येत नाही, कारण तो प्रश्न मूल्याचा नाही, वस्तुस्थितीचा आहे. वस्तुस्थितीपेक्षा वेगळे काही धरून मूल्य काढायचे असेल, तर त्याला मानकांत विशेष गृहीतक म्हणतात. ते अहवालात तसे उघड लिहावे लागते आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ते समजावे लागते. "रिकामा तळमजला भाड्याने दिलेला आहे असे धरून" ही ओळ पहिल्या अहवालात घालायला तो तयार झाला असता का, असे मी विचारले. तो हसला नाही, पण उत्तरही दिले नाही.

मग तो चिडला. शुल्क त्याने दिले होते, आठ वर्षांचे संबंध होते, आणि मी त्याच्याच विरुद्ध बोलत होते. या टप्प्यावर मी पूर्वी दोनदा अशा बैठका बिघडवल्या आहेत, नियम वाचून दाखवून. या वेळी मी त्याला बोलू दिले, आणि त्या रागाखालची गोष्ट वर आली. बारा वर्षे इमारतीचा कर, रंगकाम, गच्चीची गळती, आईचे आजारपण हे सगळे त्याने एकट्याने पाहिले होते. भावंडे दूर होती. मूल्य कमी आले तर निदान तेवढी तरी भरपाई होईल, असे त्याच्या मनाने घेतले होते. भाडेकरू गेला हे लपवण्याचा कट त्याने रचला होता असे मला आजही वाटत नाही. खोकी भाडेकरूचीच होती, ती न्यायला तो यायचा होता, आणि "भाडेकरू आहे" म्हणणे त्याला सोयीचे झाले होते.

मी त्याला सांगितले की ही मागणी रास्त असू शकते, फक्त तिची जागा मूल्यांकनात नाही. इमारतीसाठी केलेल्या खर्चाची यादी आणि पावत्या त्याने वेगळ्या मांडाव्यात, भावंडांसमोर ठेवाव्यात आणि हिश्शाच्या रकमेतून वजावट मागावी. ती द्यायची की नाही हे ते ठरवतील. तीच वजावट भाडेपट्ट्याच्या आडून घेतली, तर उद्या कोणी दिनदर्शिकेचे ते चित्र पाहिले की खरा खर्चही खोटा वाटेल. बैठकीतील बाकी सर्व मुद्द्यांपेक्षा हा मुद्दा त्याच्यापर्यंत अधिक पोहोचला.

राहिला प्रश्न भावंडांना कळवण्याचा. येथे माझी मूळ चूक पुन्हा आडवी आली. अमेरिकेतील मूल्यांकनकर्त्यांची एकरूप मानके पाहिली, तर गोपनीयतेचे बंधन ग्राहकाप्रति असते. अहवाल वापरणारे आणि ग्राहक या दोन वेगळ्या व्याख्या आहेत, आणि अहवालाची प्रत हाती आली म्हणून कोणी अभिप्रेत वापरकर्ता होत नाही. मी ज्या मानकांखाली काम करते त्यांचाही रोख तोच आहे. भावंडे अभिप्रेत वापरकर्ती होती, ग्राहक नव्हती. नियुक्तिपत्रात एक ओळ असती की अहवालातील दुरुस्ती किंवा माघार सर्व वापरकर्त्यांना एकाच वेळी कळवली जाईल, तर संमतीचा प्रश्नच उद्भवला नसता. ती नव्हती. म्हणून मी त्याला लेखी संमती मागितली आणि दोन गोष्टी लेखीच कळवल्या: पहिल्या अहवालावर कोणीही विसंबू नये, अशी माघार मी त्याला उद्देशून त्याच दिवशी घेत आहे, आणि संमती मिळाली नाही तर पुढे काय करणे मला बंधनकारक आहे याबद्दल मी वकिलाचा सल्ला घेईन.

नऊ दिवस उत्तर आले नाही. या नऊ दिवसांत बहिणीने एकदा फोन केला आणि मी तो घेतला. माझ्याकडून काही सांगता येणार नाही, पण तुमचे म्हणणे मी लिहून घेते, असे म्हटले. तिने तळमजल्याचे सांगितले. मी तारीख-वेळ घालून नोंद केली आणि त्या नोंदीची माहिती ग्राहकाला दिली. दहाव्या दिवशी त्याची संमती आली, एका ओळीत.

तिघांना गेलेले पत्र लहान होते. मूल्यांकनाच्या तारखेला भाडेपट्टा संपुष्टात आलेला होता असे दर्शवणारा लेख आता उपलब्ध झाला आहे. आधीच्या अहवालातील तळमजल्याविषयीचे गृहीतक त्यामुळे टिकत नाही. भाडेकरूकडे स्वतंत्र चौकशी करणे आवश्यक होते आणि ती मी केली नव्हती. अहवाल मागे घेतला असून सुधारित अहवाल विनाशुल्क दिला जाईल. कोणी काय लपवले याबद्दल पत्रात शब्द नव्हता. ते ठरवणे माझे काम नव्हते, आणि चौकशी न करण्याचा दोष मात्र नक्की माझा होता.

सुधारित आकडा कोणालाच अपेक्षित नव्हता. थोरल्याला वाटत होते 1,041 हलणार नाही; बहिणीने तळमजला रिकामा म्हणजे पूर्ण 1,250, असे धरले होते. पण तळमजल्यासारख्या जागेचे खरेदीदार मुख्यतः गुंतवणूकदार होते. त्यांच्या दृष्टीने रिकामी जागा म्हणजे भाडेकरू मिळेपर्यंतचा थांबलेला काळ. आजूबाजूच्या जागा भाड्याने जायला साधारण सहा महिने लागत होते. तेवढा विलंब धरल्यावर 1,250 चे सुमारे 1,203 झाले. जुन्या आकड्याशी फरक 161 च्या आसपास, आणि दोन हिस्से थोरल्याने विकत घ्यायचे असल्याने त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे 107 च्या आसपास, बहिणीकडे आणि धाकट्याकडे जाणार होते. एका वर्षाच्या बाजारभाड्याहून थोडे अधिक.

मसुदा मी तिघांना एकाच वेळी, एकाच ईमेलने पाठवला आणि आक्षेपांसाठी आठ दिवस दिले: आक्षेप लेखी, पुराव्यासह, आणि तिघांना दिसतील असे. ग्राहकाशी मसुद्यावर एकट्याने चर्चा करण्याची सवय ब्रिटनमध्ये इतकी वादग्रस्त ठरली होती, की 2002 मध्ये मालमत्ता मूल्यांकनाच्या पद्धती तपासणाऱ्या तेथील कार्सबर्ग समितीच्या अहवालानंतर अशा चर्चांची नोंद ठेवण्यावर विशेष भर दिला गेला. मी नोंद ठेवत असेच. एकट्याशी चर्चा करणे मात्र त्या दिवसापासून सोडले. थोरल्याने एक आक्षेप घेतला आणि तो बरोबर होता: जिन्याखालची जागा मी तळमजल्याच्या क्षेत्रात दोनदा धरली होती. आकडा थोडा खाली आला. धाकट्याने लगेच विचारले की हा बदल दादाच्या सांगण्यावरून झाला का. हो, असे मी लिहिले, आणि मोजमापाचा कागद सोबत जोडला.

कर्ज देणाऱ्या संस्थेचे काम मी स्वीकारले नाही. त्या कामात ग्राहक ती संस्था असती, आणि याच मालमत्तेवर अलीकडे केलेले काम तिला आधी सांगणे भाग होते. अमेरिकेतील मानकांत ही मुदत मागील तीन वर्षांची आहे. सांगून काम घेता आले असते. पण मागे घेतलेला एक, सुधारलेला एक आणि आता तिसरा आकडा एकाच हाताने लिहिला, तर संस्थेने त्यावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. थोरल्याला हा नकार आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त लागला.

बहिणीनेही माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. तिने दुसऱ्या मूल्यांकनकर्त्याकडून पडताळणी करून घेतली, आणि ते तिने करायलाच हवे होते. त्यांचा आकडा माझ्या सुधारित आकड्याच्या जवळ आला. थोरल्याच्या खर्चाच्या यादीतील काही बाबी दोघांनी मान्य केल्या, काही केल्या नाहीत, आणि सह्या ठरल्या तारखेनंतर दीड महिन्याने झाल्या. गच्चीच्या गळतीचा खर्च मान्य झाला, एवढे मला त्यांच्या वकिलाकडून कळले.

आता माझ्या नियुक्तिपत्रात, ग्राहक जुना असो वा नवा, अहवाल वापरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्यांच्याकडून मी माहिती ऐकून घेऊ शकेन का, आणि माघार कोणाला कळवली जाईल, असे तीन रकाने आहेत. भाडेकरू असलेल्या जागेत त्याच्याशी थेट बोलल्याखेरीज "भाडेकरूच्या ताब्यात" ही ओळ छायाचित्राखाली लिहायची नाही, हे ज्या सहकाऱ्याने तारीख पकडली तिनेच आमच्या पाहणीच्या नमुन्यात घातले.

यंत्रसामग्रीचे पुढचे मूल्यांकन थोरल्या भावाने दुसऱ्याकडे दिले. त्यानंतर त्याचा एकच ईमेल आला. पहिला अहवाल आणि त्याच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात, अशी त्याची विनंती होती. मी उत्तर दिले की त्याच्याकडची प्रत तो नष्ट करू शकतो. माझ्याकडील कामाची फाइल ठरलेल्या मुदतीपर्यंत जपणे मला बंधनकारक आहे आणि तिच्यातील कागद काढता येत नाहीत. पहिला अहवाल, माघारीचे पत्र, बहिणीच्या फोनची नोंद आणि दिनदर्शिकेचे ते छायाचित्र त्याच फाइलमध्ये, त्याच क्रमाने आहेत.